हाताला बसणारा झटका ही परंपरा नव्हे

लाकडी किंवा बांबूच्या लांब धनुष्यातून बाण सुटला की मूठ धरलेल्या हाताला दणका बसतो. त्यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: "सवय होईल." नवी मुंबईत पारंपरिक धनुष्य हाती घेणारे मुळात मोजके. त्यांतल्या एखाद्या नवख्याने मनगट चोळत तक्रार केली, की जुनेजाणते गालात हसतात. लाँगबो म्हटला की झटका आलाच, असं म्हणतात. ज्याला तो नको असेल त्याने चाकांचं कंपाउंड घ्यावं. खरं धनुष्य हात हलवणारच. मग ओघाने एकलव्याचं नाव निघतं. त्याने अंगठा दिला, तू मनगट दे, एवढंच म्हणायचं बाकी उरतं.

हे मत चुकीचं आहे. कोवळ्या मनाला ते कठोर वाटतं वगैरे कारणांसाठी नव्हे, साध्या हिशेबात ते चुकीचं आहे.

धनुष्य ओढताना आपण त्यात ऊर्जा साठवतो. 40 पौंड ओढीच्या साध्या धनुष्यात पूर्ण ओढीला साधारण 45 ज्यूल साठतात. दोरी सुटल्यावर ही सगळी ऊर्जा बाणाला मिळावी अशी आपली इच्छा असते. पण बाणाबरोबर धनुष्याच्या दोन्ही भुजा पुढे धावतात, दोरीही धावते, आणि त्यांना वेग द्यायलाही ऊर्जा खर्ची पडते. दोरी सरळ ताठ झाली की बाण निघून जातो. भुजांना मात्र तिथेच थांबावं लागतं. दोरी त्यांना खेचून थांबवते, आणि त्यांच्यात उरलेला जोर मुठीत उतरतो. मूठ आधी लक्ष्याच्या दिशेने उसळते, मग थरथरते. काही भाग आवाजात जातो, काही दोरी ताणण्यात, आणि बराचसा आपल्या मनगटात. थोडक्यात, झटका म्हणजे बाणाने न नेलेली ऊर्जा. ती जितकी जास्त, तितका तुमचा बाण गरीब आणि हात दुखरा. ज्याला आपण 'दमदार धनुष्य' म्हणून मिरवतो, ते बहुतेक वेळा फक्त उधळ्या हिशेबाचं धनुष्य असतं.

हा शोध आजचा नाही. अमेरिकेत सी. एन. हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच धनुष्याची मोजमापं करून ठेवली. फॉरेस्ट नॅगलर या अभियंत्यासह त्यांचं काम 1947 मध्ये 'आर्चरी: द टेक्निकल साइड' या पुस्तकात एकत्र आलं. क्लॉपस्टेग यांनी मांडलेली कल्पना अशी: प्रत्येक धनुष्याला एक आभासी वस्तुमान असतं. म्हणजे जणू तेवढं वजन बाणाला चिकटून त्याच्याच वेगाने धावतं आहे. बाण बदलला तरी हे वजन जवळपास तेच राहतं. मग गणित शाळकरी होतं. बाणाचं वजन भागिले बाण आणि आभासी वस्तुमान यांची बेरीज, इतका वाटा बाणाला. उरलेला धनुष्याला.

हिशेबापुरतं आपल्या 40 पौंडी धनुष्याचं आभासी वस्तुमान 15 ग्रॅम धरू. बाण 320 ग्रेनचा, म्हणजे पावणेएकवीस ग्रॅमचा असेल तर सुमारे 58 टक्के ऊर्जा बाण नेतो आणि जवळपास 19 ज्यूल मागे राहतात. बाण 480 ग्रेनचा, म्हणजे 31 ग्रॅमचा केला तर बाणाचा वाटा 67 टक्क्यांच्या पुढे जातो आणि मागे साडेचौदा ज्यूलच उरतात. मागे राहिलेली ऊर्जा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटली. धनुष्य तेच, हात तोच, दोरीही तीच. बदलला फक्त बाण.

आता 'सवय होईल' म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. कारण हेच लोक दुसऱ्या तोंडाने सांगतात की हलका बाण घे, वेगाने जातो. जातो हे खरं. वरच्या हिशेबात हलका बाण सेकंदाला 50 मीटरने निघतो, जड बाण 44 मीटरने. पण या सहा मीटरांसाठी तुम्ही हाताला काय देता ते पाहा. बाण न लावता दोरी सोडू नये, धनुष्य तुटतं, हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. का तुटतं? बाण नसला की सगळीच्या सगळी ऊर्जा धनुष्यात राहते म्हणून. हलका बाण लावणं म्हणजे हीच चूक थोड्या प्रमाणात, दर बाणाला, महिनोन्महिने करणं. कंपाउंडवाल्या मित्राचे उरलेले हलके कार्बन बाण लाकडी धनुष्यावर चढवून झटक्याची तक्रार करणारे मी कितीतरी पाहिले आहेत. त्यांच्या धनुष्याचा यात काही दोष नसतो.

याला एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. जड बाण अधिक खाली पडतो. 30 मीटरवर 400 ग्रेनच्या जागी 480 ग्रेनचा बाण वापरला, तर त्याच नेमाला तो सुमारे पाव मीटर खाली लागेल. पण हा फरक दर बाणाला सारखाच असतो, आणि नेम पाव मीटर वर धरायला शिकणं हे धनुर्धराचं कामच आहे. थरथरणाऱ्या, झटक्याच्या भीतीने आधीच आकसणाऱ्या हाताचा फरक मात्र दर बाणाला वेगळा. झटका येणार हे हाताला कळतं, आणि बाण सुटायच्या आत हात मूठ आवळतो. त्या आवळण्यात नेम जातो. त्यामुळे अचूकतेच्या नावाने हलक्या बाणाची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. ओढीच्या दर पौंडाला दहा ते बारा ग्रेन वजनाचा बाण, हा लाँगबोसाठी शहाणा पल्ला आहे. त्याचा ताठपणाही धनुष्याला जुळलेला हवा. नाहीतर बाण निघताना मुठीच्या कडेवर आपटतो आणि त्या आपटण्यालाही लोक झटकाच समजतात.

इतिहासाचा दाखला देणारे म्हणतील, इंग्लंडचे तिरंदाज शंभर-शंभर पौंडांची धनुष्यं ओढत, त्यांनी कुठे कुरकुर केली? जरूर पाहू. 'मेरी रोझ' हे जहाज 1545 मध्ये बुडालं आणि त्याचा सांगाडा 1982 मध्ये वर काढला गेला. त्यात 137 अख्खी धनुष्यं सापडली आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण. धनुष्यांची ओढ शंभर पौंडांच्या वर होती, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. पण त्यांच्यासोबतचे बाणही जाड आणि भारी. त्या धर्तीवर आज बाण बनवला तर वजन सहज पन्नास-साठ ग्रॅमवर जातं. त्या तिरंदाजांनी झटका सोसला असा निष्कर्ष काढण्याआधी त्यांनी तो बाणातून कसा बाहेर पाठवला तेही बघायला हवं. आपण त्यांची छाती उचलतो, त्यांचा बाण विसरतो.

आता दुसरा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. धनुष्याच्या टोकांचं वजन. मुठीजवळचा भाग सुटताना जेमतेम हलतो, टोकं सर्वाधिक धावतात. त्यामुळे टोकावरचा एक ग्रॅम हा मुठीजवळच्या पुष्कळ ग्रॅमांना भारी पडतो. टोकं तासून आभासी वस्तुमान 15 वरून 12 ग्रॅमवर आणलं तर काय होतं? 400 ग्रेनच्या बाणाने मागे ठेवलेली ऊर्जा साडेसोळा ज्यूलवरून सव्वाचौदापर्यंत उतरते. 480 ग्रेनच्या जड बाणाने जिथवर आणलं जवळपास तिथेच, पण इथे बाणाचा वेग घटत नाही, उलट सेकंदाला सुमारे पावणेदोन मीटरने वाढतो. झटका कमी करायला वेगाची किंमत मोजावी लागते, हा समज इथे पार कोसळतो. चांगल्या कारागिराला हा व्यवहार हाताने ठाऊक असतो. सातपुड्यात, नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात, भिल्लांचा तिरकमठा पाहा. बांबू मध्यावर रुंद, टोकांकडे निमुळता. दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ चिपेची. वापरासाठी केलेलं धनुष्य असं असतं. प्रदर्शनात शोभेसाठी विकलं जाणारं धनुष्य टोकापर्यंत एकाच रुंदीचं, वर रंगीत दोरे गुंडाळलेलं आणि खाचेजवळ लाकडाचा गोळा ठेवलेलं असतं. ते विकत घ्यायचं, झटका खायचा आणि म्हणायचं की आदिवासींचं धनुष्य असंच असतं. हा त्या कारागिराचा अपमान आहे.

तासताना मात्र भान हवं. बांबूची खरी ताकद बाहेरच्या सालीजवळ दाटलेल्या तंतूंत असते, म्हणून साल कधी खरवडू नये. आतल्या बाजूने आणि कडांवरून, थोडं थोडं. शेवटच्या सहा-सात इंचांत खाचेला धरण्यापुरती जाडी उरली की पुरे. ज्याने कधी रंधा हातात धरला नाही त्याने नव्या धनुष्यावर हात साफ करू नये, ते काम कारागिराकडे न्यावं.

दोन भुजा एकदमच घरी पोचल्या पाहिजेत, हीसुद्धा कारागिराचीच जबाबदारी. एक आधी थांबली आणि दुसरी मागून आली तर मूठ वर-खाली डुलते आणि हाताला एकाऐवजी दोन दणके बसतात. याला जाणकार टिलर बिघडला म्हणतात. बाण हाताच्या वरून जातो, म्हणून खालची भुजा किंचित ताठ ठेवतात. बाजारातलं बरंचसं स्वस्त धनुष्य दोन्हीकडे सारखंच असतं, आणि कधी कधी चुकून उलटंही. धनुष्य भिंतीवर खुंटीला अडकवून दोरी हळूहळू ओढून घ्या आणि दुसऱ्याला लांबून पाहू द्या. वाक कुठे जास्त आहे ते नजरेला दिसतं.

मुठीपासून दोरीचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, हा सगळ्यात स्वस्त उपाय. साध्या लाँगबोला ते सहा ते सात इंच असावं. दोरी ढिली पडून ते पाचावर आलेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. दोरीला काही पीळ द्या, अंतर वाढवा, पुन्हा सोडून पाहा. दणक्याचा टोकदारपणा जातो. फार वाढवलं तर ओढीची लांबी घटते आणि बाण मंदावतो, तेव्हा हावरटपणा नको. दोरीही उगाच जाड नको. तिच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा बाणाला चिकटल्यासारखा वागतो. 40 पौंडांच्या धनुष्याला साध्या डेक्रॉनचे 12 पदर पुरतात, तिथे 16-18 पदर वळून 'मजबूत' दोरी केली असं सांगणाऱ्यांचा मला नेहमी संशय येतो. आणि जुन्या लाकडी धनुष्यावर न ताणणारी आधुनिक दोरी चढवायचा मोह टाळावा. वेग थोडा मिळतो, पण ती भुजा फार अचानक थांबवते. टोकंही फाटू शकतात.

आता हाताकडे येऊ, कारण 'घट्ट धर' हा सल्ला इथेच मिळतो आणि तो सगळ्यात घातक आहे. एकसारख्या जाडीचा मोकळा दांडा कंप पावतो तेव्हा, त्याच्या पहिल्या कंपनात, दोन्ही टोकांपासून सुमारे 22 टक्के अंतरावरचे दोन बिंदू स्थिर राहतात आणि मध्य जोरात हलतो. धनुष्य असं सरळसोट नसतं, पण मधोमध धरलेली मूठ का थरथरते ते यातून कळतं. क्रिकेट खेळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. बॅटच्या योग्य जागी चेंडू बसला तर हाताला काही कळत नाही, टोकावर बसला तर बोटं झिणझिणतात. त्या झिणझिणीला कुणी मर्दानगी म्हणत नाही. जपानी युमी हे दोन मीटरांहून उंच धनुष्य. त्याची मूठ मध्यावर नसते, ती खालून सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर असते. आणि क्यूदो या जपानी धनुर्विद्येचा साधक मूठ इतकी मोकळी ठेवतो की बाण सुटल्यावर धनुष्य हातात फिरतं. परंपरेचा दाखला देऊन घट्ट मूठ शिकवणाऱ्यांनी ही परंपराही पाहावी. मूठ आवळली की तुमचा पुढचा हात, कोपर आणि खांदा धनुष्याचेच भाग होतात आणि थरथर तिथपर्यंत वाहते. टेनिस एल्बो टेनिसच न खेळणाऱ्याला का होतो, याचं एक उत्तर या मुठीत आहे.

दाब तळहाताच्या अंगठ्याकडच्या फुगीर भागावर, पुढच्या हाताच्या हाडांच्या रेषेत. बोटं नुसती विसावलेली. कोपर ताठ कुलूपबंद नको, किंचित सैल. 1938 च्या 'रॉबिन हुड' चित्रपटात ज्याने धनुर्विद्येच्या करामती केल्या तो हॉवर्ड हिल सरळ भुजांच्या जड धनुष्यांचा कट्टर पुरस्कर्ता होता. तरी तो पुढचा हात थोडा वाकवून सोडत असे. त्याच्या पद्धतीच्या धनुष्यांना आज झटक्यासाठी नावं ठेवतात, आणि नावं ठेवणारे बहुधा त्याची ढब सोडून फक्त धनुष्य घेतात.

रबराचे गोळे, दोरीवर केसाळ फुंदे, जाड हातमोजे यांवर फार शाई घालवायची गरज नाही. फुंदे आवाज कमी करतात, झटका नाही. दोरीच्या मध्याजवळ बांधले तर बाणाचा वेग मात्र खातात. हातमोज्याने कातडी वाचते. कोपर नाही.

आपल्या शहराची एक खास अडचण सांगायलाच हवी. ठाणे खाडीच्या काठी राहणाऱ्याला जून ते सप्टेंबर कोरडी हवा नशिबात नसते. 65 टक्के आर्द्रतेत लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 12 टक्के पाणी धरून राहतं. 90 टक्क्यांना हा आकडा 20 च्या जवळ जातो. धनुष्याला आठ ते दहा टक्के बरे. ओलावलेली भुजा जड आणि मऊ होते, दोरी उतरवली तरी वाकलेलीच राहते, आणि दोन्ही भुजा सारखंच पाणी पितील याची हमी नाही. म्हणजे टिलरही गेला. ऑगस्टमध्ये बाण मंदावला की हौशी माणूस काय करतो? बाण हलका करतो. झटका वाढतो. मग पुन्हा तेच: "लाकडी धनुष्य आहे, सवय होईल." बाल्कनीत भिंतीला टेकवून, दोरी चढवलेलं ठेवलेलं धनुष्य मी ज्या-ज्या घरी पाहिलं तिथे हेच घडत होतं. दोरी उतरवा, कोरड्या कपाटात दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. पावसाळ्यात लांबवर फेकण्याचा सराव थोडा कमी केला तर आभाळ कोसळत नाही.

शेवटचा युक्तिवाद सगळ्यात मोठा म्हणून शेवटी घेतो. लोक म्हणतात, ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, दोघंही कंपाउंडवर. महाराष्ट्राचं भविष्य तिथे आहे. बांबूच्या धनुष्याच्या झटक्याची चर्चा कशाला? त्या यशाचा मलाही अभिमान आहे. पण त्या धनुष्यांकडे नीट पाहा. पुढे निघालेले लांब स्थिरक दांडे, त्यावरची वजनं, दोरी थांबवणारा रबरी अडसर, थरथर खाणारे भाग. ऑलिंपिकच्या रिकर्व्हवरही तेच दांडे. म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा कुठलाही धनुर्धर झटका 'सोसत' नाही. तो झटक्याचा बंदोबस्त करतो, आणि त्यासाठी पैसे मोजतो. सोसायचा सल्ला फक्त त्याला, ज्याच्याकडे बांबू आहे.

आणि त्याला दांडे लावताही येत नाहीत. आपल्या शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धांत रिकर्व्ह-कंपाउंडसोबत इंडियन राउंड हा वेगळा प्रकार असतो. धनुष्य बांबूचं किंवा लाकडाचं, बाकी सरंजाम नाही. पहिलं धनुष्य म्हणून हेच हाती येणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे. राजस्थानच्या खेड्यातला लिंबाराम अशाच धनुष्यावर वाढला आणि 1992 मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 30 मीटरवर विश्वविक्रमाची बरोबरी करून आला, तेव्हा ही काही दुय्यम शाळा नव्हे. या मुलांच्या हाती झटका कमी करायला चारच गोष्टी उरतात: बाणाचं वजन, भुजांची टोकं, दोरीचं अंतर आणि मोकळी मूठ. चारही जवळपास फुकट. चारही त्यांना कोणी सांगत नाही.

झटका शून्य होईल असं मी म्हणत नाही. लाकडाची भुजा धावली की काहीतरी मागे राहणारच. पण जो मूळचा अटळ आहे तो बारीक असतो. कोपराला कळ आणणारा, दुसऱ्या दिवशी पेन धरताना आठवणारा झटका हा कोणाच्या तरी निष्काळजीपणाचा असतो, आणि बहुतेक वेळा तो कोणीतरी म्हणजे धरणारं मूल नसतं. तेव्हा प्रशिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती. 'सवय होईल' हे वाक्य तोंडात येईल तेव्हा आधी बाण सोनाराच्या तराजूवर घाला. 40 पौंडांच्या धनुष्याला तो 26 ग्रॅमांपेक्षा हलका भरला, तर दोष मुलाच्या मनगटाचा नाही, बाण बदला.